सावलीतल्या दगडी भिंतीवरचे शेवाळ : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

आजचा दिवस केवळ पाहणीत गेला. ब्रशला हात लावला नाही. भिंत साधारण ३० मीटर लांब आणि २ मीटर उंच आहे. अंगाचे दगड वालुकाश्माचे आहेत, माथ्यावर चुनखडकाचे घडीव कोपिंग, म्हणजे भिंत झाकणारा दगडांचा थर, आहे आणि दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, जुन्या चुन्याच्या आहेत. दर्शनी बाजूवर दिवसभर सावली असते आणि समोरच दाट झुडपांची रांग असल्यामुळे तिथे वाराही फिरकत नाही. भिंत पूर्वीसारखी दिसावी, एवढीच मालकांची अपेक्षा आहे. ती रास्त असली तरी कामाचे मोजमाप म्हणून पुरेशी नाही, कारण हिरवेपणा काढणे अवघड नसते, तो काढताना दगडाचा वरचा थर सोबत न नेणे अवघड असते. म्हणून या कामात वाढ किती निघाली याबरोबरच दगड किती निघाला हेही तपासायचे, असे सुरुवातीलाच ठरवले.

दोऱ्या ताणून मीटरभराचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनाचे छायाचित्र मोजपट्टी व रंगपट्टी ठेवून घेतले. दुरून सरसकट हिरवी दिसणारी भिंत जवळ गेल्यावर अगदी वेगळी दिसते. खालच्या हातभर पट्ट्यात पोपटी रंगाचा, बोटाला बुळबुळीत लागणारा पातळ थर आहे. हे एकपेशीय हरित शैवाल होय. माथ्यापासून खाली उतरणारे काळे ओघळ लोक धुराचे किंवा काजळीचे समजतात, पण ते बहुधा सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे प्रकाशावर वाढणाऱ्या जीवाणूंचे आहेत. ओलसर बोटाने चोळल्यावर काळ्यात हिरवट छटा दिसली, त्यामुळे काजळीची शंका मिटली. कोपिंगवर आणि उघड्या दरजांमध्ये मॉसच्या गाद्या आहेत. कोपिंगच्या वरच्या अंगावर करड्या आणि मोहरीच्या रंगाच्या दगडफुलांच्या (लायकेनच्या) चकत्या आहेत. एका कोपऱ्यात नारिंगी-तांबूस, मखमलीसारखा डाग आहे. मालक त्याला लोखंडाचा गंज समजत होते, परंतु जवळपास लोखंडाचा तुकडाही नाही. तो ट्रेंटेपोहलिया या शैवालाचा आहे. वर्गीकरणात हे हरित शैवालच, फक्त त्याच्या पेशींत साठलेल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे हरितद्रव्य झाकले जाते. त्यावर गंज काढण्याचे आम्ल ओतले गेले असते तर डाग राहिलाच असता आणि चुन्याची दरज मात्र गेली असती.

५ नोव्हेंबर

आज पाण्याची वाट शोधली. कोपिंगवर नळीने अगदी मंद धार सोडून खाली उभे राहिलो आणि पाणी कुठून उतरते ते खडूने भिंतीवर खुणावत गेलो. कोपिंग भिंतीच्या पुढे सुमारे ४० मिलिमीटर आलेले आहे, तेव्हा पाणी त्याच्या कडेवरून सुटून भिंतीपासून दूर पडायला हवे होते. तसे ते काहीच ठिकाणी पडत होते. इतर ठिकाणी ते कडेवरून खालच्या अंगाला वळून थेट दगडाच्या तोंडावर येत होते आणि त्या प्रत्येक जागी काळा ओघळ होताच. खडूच्या खुणा आणि काळे ओघळ इतके जुळले की नकाशा वेगळा काढायची गरज उरली नाही.

आरसा कोपिंगच्या खाली धरून पाहिल्यावर कारण कळले. कोपिंगच्या खालच्या अंगाला लांबीभर पाणी तोडणारी खाच मूळ कारागिरांनी कोरलेली आहे. कडेवरून आत वळलेला थेंब या खाचेला ओलांडू शकत नाही आणि तिथेच खाली गळतो. ही खाच कुठे मॉसने, कुठे कोळ्याच्या जाळ्यांत अडकलेल्या मातीने, तर मागच्या कुठल्याशा दुरुस्तीत सिमेंटने बुजली आहे. जिथे खाच मोकळी आहे तिथे खालचा दगड कोरडा आणि स्वच्छ आहे.

पाण्याच्या आणखी दोन वाटा सापडल्या. बागेतल्या तुषार सिंचनाचे एक तोंड अर्धे भिंतीकडे वळलेले आहे. शिवाय भिंतीच्या पायाशी वर्षानुवर्षे माती चढत गेल्यामुळे पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखलासह भिंतीवर उडतात. खालचा पोपटी पट्टा बरोबर त्याच उंचीवर संपतो. या सगळ्या वाटा जशाच्या तशा ठेवून भिंत कितीही लख्ख घासली तरी पुढच्या पावसानंतर तीच भिंत पुन्हा समोर उभी राहणार, हे मालकांना जागेवर आणून दाखवले. तोंडी सांगण्यापेक्षा वाहते पाणी दाखवलेले त्यांना लवकर पटले.

७ नोव्हेंबर

दगडाची परीक्षा केली. कोपिंगच्या गळून पडलेल्या तुकड्याची पूड करून तिच्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला, तेव्हा लगेच फसफस झाली. अंगाच्या वालुकाश्मावर काहीच झाले नाही, म्हणजे त्याचे कण बांधून ठेवणारा पदार्थ मुख्यतः चुन्याचा नाही. दोन प्रकारचे दगड आणि चुन्याच्या दरजा एकाच भिंतीत असल्यामुळे आम्लाचा विचार इथेच संपला. हायड्रोक्लोरिक आम्ल चुनखडक आणि चुना विरघळवते आणि मागे उरणारे कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओल ओढून घेत राहते. लोहयुक्त दगडावर आम्लाने पिवळट तपकिरी डाग उमटू शकतात, ते वेगळेच. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरनेही चुना विरघळतो, फक्त हळू.

पृष्ठभाग किती घट्ट आहे ते पाहण्यासाठी पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावली आणि सावकाश सोलून काळ्या कागदावर चिकटवली. माथ्याजवळच्या दगडांवर पट्टीला जेमतेम चार-दोन कण लागले. खालच्या पट्ट्यात मात्र पट्टी वाळूने भरूनच आली. तिथला दगड आधीच भुसभुशीत झालेला आहे आणि तिथेच शेवाळ सर्वांत दाट आहे. कोणत्याही मालकाला घासून काढण्याचा मोह होतो तो याच पट्ट्यावर, आणि घासणे सर्वांत कमी सोसेल असाही हाच पट्टा आहे.

९ नोव्हेंबर

भिंतीच्या ढासळलेल्या टोकाशी पडलेले काही सुटे दगड हाती असल्यामुळे चाचण्यांची मोठीच सोय झाली. जे भिंतीवर करायचे धाडस होत नाही ते त्यांच्यावर करून पाहता आले.

सर्वप्रथम प्रेशर वॉशर. हे यंत्र लावले तर एका दिवसात भिंत मोकळी होईल, असा सल्ला या कामात प्रत्येक जण देतो. घरगुती यंत्रांचा दाबही साधारण १०० ते १५० बार असतो. अर्धा दगड त्या झोतात धुतला आणि अर्धा नायलॉन ब्रशने साध्या पाण्यात धुतला. धुतलेले पाणी दोन पांढऱ्या तसराळ्यांत वेगवेगळे जमवले आणि तासभर निवळू दिले. ब्रशच्या तसराळ्यात तळाशी हिरवट गाळ बसला होता आणि त्यात वाळूचे कण बोटाने चाचपावे लागले. यंत्राच्या तसराळ्यात हिरव्या गाळाखाली स्वच्छ वाळूचा एकसलग थर होता, इतका की तसराळे तिरपे केल्यावर तो सरकताना दिसला. तो अर्धा दगड नजरेला नवा दिसतो, यात शंका नाही. नवा दिसतो याचे कारण त्याचे जुने तोंड तसराळ्यात आहे. शिवाय उघडा पडलेला पृष्ठभाग पूर्वीपेक्षा खरखरीत असतो आणि त्याच्या खळग्यांत पाणी व शैवालाचे बीजाणू अधिक सहज टिकतात. झोताचे पाणी उघड्या दरजांतून भिंतीच्या पोटात जाते, ते निराळे. यंत्र बाद केले.

तारेचा ब्रशही बाद केला. त्याने ओरखडे पडतात आणि तुटलेल्या तारांचे बारीक तुकडे दगडात अडकून पुढे खरोखरीच गंजाचे डाग पडतात.

कपडे पांढरे करण्याचे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सुट्या दगडावर लावले तेव्हा हिरवा रंग काही मिनिटांत उडाला. हाच त्याचा मोह आणि हीच त्याची फसवणूक आहे. रंग उडाला म्हणजे वाढ निघाली असे नव्हे, आणि वापरानंतर दगडात मीठ उरते. ते सच्छिद्र दगडात शिरून सुकताना स्फटिक होते, लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, फुलतो आणि पापुद्रे सुटतात. ब्लीच आम्लाबरोबर मिसळल्यास क्लोरीन वायू आणि अमोनियाबरोबर मिसळल्यास क्लोरामाइन हे घातक वायू निघतात, म्हणून ते साहित्याच्या खोलीतसुद्धा ठेवायचे नाही असे ठरले. हिरवळीतील मॉस मारण्यासाठी विकले जाणारे फेरस सल्फेट दगडावर गंजाचे डाग पाडते, तेही नको. हायड्रोजन पेरॉक्साइड मीठ मागे ठेवत नाही, कारण त्याचे विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजनच उरतो. परंतु या वालुकाश्मात लोहाच्या तपकिरी रेघा आहेत आणि ऑक्सिडीकरणाने त्या अधिक गडद होण्याची शक्यता आहे. ते या भिंतीसाठी नको, पांढऱ्या लोहरहित दगडासाठी त्याचा विचार जरूर करावा.

१० नोव्हेंबर

तुषार सिंचनाचे तोंड फिरवले. झुडपांची रांग भिंतीपासून हातभर मागे छाटली.

१२ नोव्हेंबर

शेवटी बेंझाल्कोनियम क्लोराइड निवडले. हे चतुष्क अमोनियम वर्गातील जंतुनाशक पेशींचे आवरण फाडते, ना आम्लधर्मी ना तीव्र अल्कधर्मी असते आणि दगडात क्षारांचा मोठा साठा सोडत नाही. बाजारात ५० टक्के तीव्रतेचे मिळते. १ लिटर द्रावण २४ लिटर पाण्यात मिसळले की २ टक्के होते आणि या कामाला तेवढे पुरते. ते वापरण्यापूर्वी भिंतीला साबण किंवा धुण्याची पावडर मुळीच लावायची नाही, कारण या डिटर्जंटांचा विद्युतभार त्याच्या उलट असतो आणि दोन्ही एकमेकांना निकामी करतात. धुऊन पुसून औषध मारायचे ही सवय इथे काम बिघडवते.

या औषधाबाबतही मनात एक धाकधूक कायम ठेवलेली बरी. फ्रान्समधल्या लास्को गुहेतील प्रागैतिहासिक चित्रांवर हिरवे शैवाल पसरल्यामुळे ती गुहा १९६३ मध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांना बंद झाली आणि शैवाल फॉर्मॅलिन व प्रतिजैविकांनी आटोक्यात आणले गेले. पुढे २००१ मध्ये तिथे फ्युसेरियम या बुरशीचा पांढरा थर पसरला, तेव्हा बेंझाल्कोनियम क्लोराइडचा मारा करण्यात आला. नंतरच्या तपासण्यांत असे जीवाणू मोठ्या संख्येने आढळले की ज्यांना या औषधाचा त्रास होत नव्हता, आणि वर्षानुवर्षांच्या फवारण्यांनीच त्यांची निवड झाली असावी असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. चतुष्क अमोनियममध्ये नायट्रोजन असतो, त्यामुळे विघटनानंतर ते काही सूक्ष्मजीवांचे अन्नही होऊ शकते. उघड्या हवेतील बागेची भिंत म्हणजे लास्को नव्हे, पाऊस तिला धुतो आणि वारा सुकवतो. तरीही दरवर्षी नेमाने फवारणी करण्याचा करार मालकांना सुचवणार नाही. एकदा मारायचे, पाण्याची वाट बदलायची आणि मग भिंतीला तिचे काम करू द्यायचे.

१४ नोव्हेंबर

मॉस कोरडेच काढले. औषध मारण्याआधी जाड गाद्या काढाव्या लागतात, नाहीतर औषध त्यांच्यातच जिरते आणि दगडापर्यंत पोचत नाही. मॉसला खरी मुळे नसतात, मूलाभ नावाचे केसांसारखे तंतू असतात. ते दगडाला धरून ठेवतात, परंतु वनस्पतींच्या मुळांसारखे खोल जात नाहीत. त्यामुळे कोरड्या दिवसांत, गादी कुरकुरीत झाली असताना, लाकडी रापी तिच्याखाली तिरपी सरकवली की ती बहुतेक वेळा अख्खी उचलून येते. ओली असताना तीच गादी चिखल होऊन दगडाच्या छिद्रांत भरते.

निघालेल्या एका गादीला उलटी करून पाहिली. वरचा हिरवा थर जेमतेम बोटाच्या पेरापेक्षाही कमी जाडीचा होता आणि त्याखाली तितकीच जाड काळी माती होती. ती माती बाहेरून आलेली नाही. धूळ, मेलेले मॉस आणि दरजेतून सुटलेला चुना यांचीच ती बनलेली. तिच्यात एका रोपाची मुळे पांढऱ्या दोऱ्यासारखी पसरलेली होती आणि दरजेच्या आत वळली होती. शेवाळाने भिंत पडत नाही, हे खरे. पण मॉस माती साठवते, मातीत बी रुजते आणि मुळे जाड होऊन दगड ढकलू लागतात. ज्या रोपांची मुळे आत गेली होती ती ओढली नाहीत, भिंतीलगत कापली. ओढल्याने दरजेसकट दगड हलतो.

काढलेले मॉस गोण्यांत भरून लांब नेले, कारण मॉस वाळले तरी मरत नाही. अनेक जाती महिनोन्‌महिने कोरड्या राहून पाणी मिळताच पुन्हा जागृत होतात, आणि भिंतीच्या पायाशी पडलेला चुरा म्हणजे पुढच्या वर्षीची लागवडच.

१५ नोव्हेंबर

दगडफुलांबद्दल मालकांशी दीर्घ चर्चा झाली. त्यांना कोपिंगवरच्या चकत्याही काढायच्या होत्या. माझे मत वेगळे पडले. दगडाला चिकटून पसरणाऱ्या दगडफुलांचे तंतू दगडात काही मिलिमीटरपर्यंत शिरलेले असतात आणि खरवडताना चकतीबरोबर दगडाचा पापुद्रा हमखास येतो. दुसरे असे की त्यांची वाढ अत्यंत मंद असते. कित्येक जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. रोलंड बेशेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० मध्ये याच मंदपणाचा उपयोग करून, हिमनद्यांनी मागे टाकलेल्या खडकांचे वय त्यांच्यावरील दगडफुलांच्या व्यासावरून ठरवण्याची पद्धत मांडली होती. या कोपिंगवरच्या काही चकत्या तळहाताएवढ्या आहेत. त्या मागच्या पिढीपासून तिथे असणार आणि त्यांच्याखालचा दगड शाबूत आहे. दगडफुले हवेच्या शुद्धतेचीही साक्ष देतात; वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नीलँडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत टिकून राहिलेली दगडफुले शहरात इतरत्र दिसेनाशी झाल्याचे नोंदवले होते. अखेर असे ठरले की कोपिंगचा वरचा अंग जसा आहे तसा ठेवायचा आणि फवारा त्याच्या खालच्या कडेपासून सुरू करायचा.

१८ नोव्हेंबर

फवारणी केली. ढगाळ पण कोरडा दिवस मुद्दाम निवडला. कडक उन्हात द्रावण दगडात शिरण्यापूर्वीच सुकते आणि पुढच्या २४ तासांत पाऊस आला तर ते वाहून जाते. पायाशी असलेल्या झाडांची माती आधी साध्या पाण्याने भिजवून घेतली, म्हणजे चुकून गळलेले द्रावण ती शोषणार नाही, आणि वरून प्लास्टिक अंथरले. गटाराचे तोंड गोणपाटाने बंद केले, कारण हे औषध मासे आणि इतर जलचरांना फार विषारी आहे. हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा आणि तोंडावर मास्क लावूनच पंप हातात घेतला.

पाठीवरच्या साध्या फवारणी पंपाने, कमी दाबावर, खालून वर जात फवारले. वरून सुरुवात केली तर खालच्या कोरड्या दगडावर ओघळ उतरतात आणि त्यांच्या रेषा मागे राहतात. दगड ओलाचिंब दिसेपर्यंत मारायचे आणि वाहू लागण्याआधी थांबायचे, एवढाच अंदाज. खालच्या भुसभुशीत पट्ट्याने वरच्या दगडांच्या मानाने बरेच अधिक द्रावण प्यायले.

१९ नोव्हेंबर

पाऊस नाही. भिंतीत दिसण्यासारखा बदल नाही, आणि तो आज अपेक्षितही नव्हता.

३ डिसेंबर

हिरवा थर आता मळकट तपकिरी झाला आहे. दिवसा पाहून जिवंत आणि मृत शैवाल सगळीकडे ओळखता येत नाही, म्हणून अंधार पडल्यावर अतिनील टॉर्च घेऊन भिंतीपाशी गेलो. जिवंत पेशींतले हरितद्रव्य अतिनील प्रकाशात लालसर चमकते. औषध लागून पेशी मेल्या आणि हरितद्रव्य विघटित झाले की ही चमक विझते. भिंतीचा बहुतेक भाग निळसर काळाच राहिला. लाल चमक दिसली ती तीन ठिकाणी : ट्रेंटेपोहलियाच्या डागात, दोन रुंद काळ्या ओघळांत आणि खाली, जिथे एका झुडपाची फांदी फवाऱ्याच्या आड आली होती तिथे. सायनोबॅक्टेरियाच्या पेशींभोवती चिकट आवरण असते, त्यामुळे औषध आत जायला वेळ लागतो. त्या तीन जागांना खडूच्या खुणा करून फक्त तेवढ्यावर पुन्हा द्रावण लावले, तेही फवाऱ्याने नव्हे तर कुंचल्याने.

५ डिसेंबर

ज्या भागात चमक विझली होती तिथे मऊ नायलॉन ब्रश आणि थोडे स्वच्छ पाणी घेऊन मेलेला थर उतरवला. मेलेल्या शैवालाची पकड सुटलेली असते, त्यामुळे जिवंत असताना ज्या जागी जोर लावावा लागला असता तिथे आता ब्रश नुसता फिरवला तरी पुरते. वाट पाहण्याचा हा एवढा फायदा आहे आणि घाईच्या कामात नेमका तोच गमावला जातो. ब्रश गोल न फिरवता वरून खाली ओढला आणि प्रत्येक चौकोनाचे पाणी तसराळ्यात धरले. वरच्या चौकोनांत वाळू जवळजवळ नव्हती. खालच्या पट्ट्यात दुसऱ्याच हातानंतर तसराळ्याच्या तळाशी कण दिसू लागले, म्हणून तिथे ब्रश थांबवला. त्या पट्ट्यावर तपकिरी छटा शिल्लक आहे. ती मालकांना खटकली. ती पावसाने उतरेल, असे त्यांना सांगितले आणि तसराळ्यातली वाळू दाखवली.

९ डिसेंबर

कोपिंगखालची खाच मोकळी केली. मॉस आणि माती टोकदार काठीने निघाली. सिमेंट काढण्यासाठी बारीक छिन्नी आणि हलका हातोडा वापरावा लागला, आणि जिथे चुनखडकाची कड सिमेंटबरोबर येऊ लागली तिथे सिमेंट सोडून दिले. त्यामुळे सुमारे हातभर लांबीची खाच अजून बुजलेलीच आहे. काम संपल्यावर पुन्हा मंद धार सोडून पाहिली. मोकळ्या केलेल्या खाचेपाशी थेंब आता ओळीने सुटून भिंतीपासून चार बोटे दूर पडतात. या कामातले सर्वांत स्वस्त काम हेच आणि परिणाम सर्वांत मोठा.

११ डिसेंबर

दरजा भरायला घेतल्या. दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत भुसभुशीत चुना काढला, धूळ झटकली आणि दगड ओला करून घेतला. मसाला एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू असा होता. गवंडी म्हणाले की सिमेंट घातले तर दरज पक्की होईल. पक्की होईल हे खरे. पण सिमेंटची दरज दगडापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असते. भिंतीच्या पोटातली ओल मग दरजेतून बाहेर न पडता दगडातून पडते आणि झिजतो तो दगड. झिजायचे असेल तर दरजेने झिजावे, ती पुन्हा भरता येते. नवा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे काही काळ त्यावर शेवाळ धरत नाही, हा वरचा लाभ. हवेतील कार्बन डायऑक्साइडने त्याचे चुनखडकात रूपांतर होत गेले की तो गुण ओसरतो.

मसाला ओलसर ठेवण्यासाठी भिंतीवर भिजवलेले गोणपाट सोडले. चुना भराभर वाळला तर तो घट्ट होत नाही, पूड होतो.

१३ डिसेंबर

पायाशी चढलेली माती उतरवून मूळ जोत्यापर्यंत नेली आणि भिंतीलगत हातभर रुंदीची खडीची पट्टी घातली. खडीवर पडलेला थेंब फुटून जातो, चिखल उडत नाही आणि पाणी लवकर खाली जाते.

भिंतीवर पाणी न धरणारे सिलिकॉनचे आवरण मारावे काय, अशी विचारणा मालकांनी केली. नकार दिला. पाणी जर माथ्यावरून, मागून किंवा जमिनीतून आत येत असेल तर आवरणाने त्याचे येणे थांबत नाही, निघून जाणे मात्र अवघड होते. आवरणामागे अडकलेली ओल आणि क्षार मिळून दगडाचे पापुद्रे काढतात. भुसभुशीत वालुकाश्मावर तर त्याचा विचारही नको.

२० मार्च

नारिंगी डाग फिकट पडून करडा झाला आहे. अंधारात टॉर्चखाली त्याच्यात एकही लाल ठिपका दिसला नाही. काळ्या ओघळांची धार गेली आहे, पण फिकट सावली उरली आहे. ती घासायची नाही. कोपिंगच्या खालच्या कडेवर औषध लागलेली काही दगडफुले पांढरट होऊन कडांनी उचलली जात आहेत. ती बोटाने ढकलण्याचा मोह टाळला. स्वतःहून गळतात तेव्हा दगड जागेवर राहतो. दरजांना नखाने टोकरून पाहिले, चुना घट्ट झाला आहे. चिकटपट्टीची परीक्षा त्याच ठरलेल्या दगडांवर पुन्हा केली. वरच्या दगडांवर पूर्वीइतकेच कण आले आणि खालच्या पट्ट्यात पूर्वीपेक्षा थोडे कमी. पट्टा आता अधिक कोरडा राहतो, त्यामुळे असेल. पण एवढ्यावरून दगड सावरला असे म्हणणार नाही.

९ ऑगस्ट

गेले काही आठवडे चांगला पाऊस झाला आहे आणि भिंत अधूनमधूनच सुकते, त्यामुळे पाहणीला हीच वेळ योग्य होती. खडीच्या पट्टीवरचा भाग स्वच्छ आहे. तपकिरी छटा पावसाने जवळपास उतरवली आणि तिथला दगड मालकांच्या आठवणीपेक्षा अधिक पिवळा निघाला. काळ्या ओघळांच्या जुन्या जागी नवी वाढ नाही. अपवाद एकच : सिमेंटने बुजलेली जी हातभर खाच सोडून दिली होती, तिच्याखाली हिरवी रेघ पुन्हा उमटली आहे, रुंदीने बरोबर तेवढीच.

त्या रेघेवर औषध मारण्यात अर्थ नाही. कोपिंगच्या त्या दगडाला खालून, बुजलेल्या खाचेच्या पुढे, शिशाच्या पातळ पत्र्याची पट्टी चुन्यात बसवून पाणी तोडता येईल, असे गवंड्यांचे म्हणणे आहे. दगडाला धक्का लागत नाही आणि पुढे कोणाला पट्टी काढावीशी वाटली तर काढताही येते, म्हणून ते मान्य केले. चुना बसायला ओल सरावी लागेल, तोवर रेघ तशीच राहू द्यावी. पट्टी बसल्यावर मंद धार सोडून थेंब कुठे सुटतो ते आधी पाहायचे आणि रेघ त्यानंतर, मेलेली असल्यास, ब्रशने उतरवायची.